सूर्यकिरण आणि देहाचे जासूद

राज्यें कशीं उदयास आलीं आणि कशीं लयास गेलीं याचा हिशेब इतिहासकारांनीं आजवर पुष्कळ ठेविला आहे. परंतु मतांच्या उदयास्ताचा हिशेब ठेवण्याची चाल आपल्याकडे अजून फारशी रुळलेली नाहीं. वास्तविक एखाद्या राजघराण्याच्या ऱ्हासाइतकीच मौज एखाद्या सर्वमान्य समजुतीच्या ऱ्हासांत असते. राजा पदच्युत होतो तो निदान नगारे वाजत असतांना होतो. मत पदच्युत होतें तें पुष्कळदां कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, आणि लोक रिकाम्या सिंहासनाला मुजरा करीत राहतात. अशाच एका मताची हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें मत असें कीं, सूर्याचें ऊन अंगावर घेतल्यानें देहाची रोगाशीं झगडण्याची शक्ति वाढते.

हें मत कोणा एका देशाचें नव्हे. तेल लावून न्हाऊं घातलेल्या तान्ह्या मुलाला कोवळ्या उन्हांत घेऊन बसणारी आपल्या घरची आजी तें कोणत्याहि ग्रंथांत वाचून आलेली नसते. यूरोपांत त्याला शास्त्राचा पोशाख चढला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अर्धें शतक तो मोठ्या डौलानें मिरवला. आणि १९७४ च्या सुमारास अमेरिकेंतील एका तरुण संशोधिकेच्या उंदरांनीं त्याच्या चिंध्या केल्या. आम्ही इतिहासाचे अध्यापक. वैद्यकांत आमचा अधिकार नाहीं. परंतु एका पिढीचें शास्त्र दुसऱ्या पिढीला उलटें कां वाटूं लागतें, हा प्रश्न इतिहासाचाच आहे, आणि म्हणूनच आम्ही हें धाडस करीत आहों.

प्रथम ज्या किरणांची ही कथा आहे त्यांची ओळख करून घेऊं. इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल यानें सूर्याच्या वर्णपटांत तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं तेथें, उष्णता सांपडते असें दाखविलें. ही वार्ता जर्मनींतील येना येथें योहान विल्हेल्म रिटर याच्या कानीं गेली. रिटर हा मूळचा औषधविक्रेत्याच्या दुकानांतला उमेदवार, वय अवघें चोवीस. एका टोकास अदृश्य किरण असतील तर दुसऱ्या टोकासहि असलेच पाहिजेत, अशा केवळ तोलाच्या भावनेनें त्यानें १८०१ सालीं जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे रौप्यक्षार लावलेला कागद धरला. दृश्य प्रकाशांत कागद काळा पडे त्याहून लवकर तो तेथें काळा पडला. या किरणांना मराठींत कोणी जंबुपार म्हणतात. आम्ही अतिनील हा रूढ झालेला शब्द घेतों. त्यांच्या लहरींची लांबी ४०० नॅनोमीटरांहून कमी असते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. त्यांतील २८० पेक्षां आंखूड लहरी वातावरणांतील ओझोनच्या थरांतच अडतात. २८० ते ३१५ पर्यंतच्या मधल्या लहरी थोड्या प्रमाणांत आपल्यापर्यंत पोंचतात, अंग भाजतें तें मुख्यतः त्यांच्यामुळें, आणि आपल्या कथेचें मुख्य पात्रहि त्याच आहेत. ३१५ पासून पुढच्या लांब लहरी विपुल येतात व अंगांत अधिक खोल शिरतात. खिडकीच्या साध्या कांचेंतून मधल्या लहरी जवळजवळ येत नाहींत, हें जातां जातां सांगून ठेवितों.

हे किरण सजीवांवर कांहीं करतात हें कळावयास पाऊणशें वर्षें लागलीं. १८७७ सालीं इंग्लंडांत आर्थर डाउन्स व टॉमस ब्लंट यांनीं पोषक द्रव भरलेल्या कांचनळ्या कांहीं उन्हांत उघड्या व कांहीं झांकून ठेविल्या. झांकलेल्यांतील द्रव जंतूंनीं गढूळ झाला, उघड्यांतील स्वच्छ राहिला. ऊन जंतूंना मारतें हें सिद्ध झालें. आणि येथेंच त्या मताचें बीज पडलें.

त्या बीजाचा वृक्ष केला तो नील्स फिन्सेन यानें. फिन्सेन १८६० सालीं फॅरो बेटांवर जन्मला. कोपनहेगन येथें वैद्यक शिकत असतांनाच त्याला एका असाध्य व्याधीनें गांठलें. यकृत, प्लीहा व हृदय यांवर ती हळूहळू चढत गेली आणि उरलेलें आयुष्य त्याला पथ्यांत व अखेर चाकांच्या खुर्चींत काढावें लागलें. त्याचें घर उत्तराभिमुख होतें. तेथें ऊन येत नसे. आपला फिकेपणा व थकवा या उन्हाच्या उपासानेंच तर आला नसेल ना, अशी शंका त्या रोगी विद्यार्थ्याच्या मनांत आली, आणि तिचा पाठपुरावा त्यानें जन्मभर केला.

१८९५ सालीं त्यानें त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा प्रयोग सुरू केला. हा रोग आतां विरळा झाला आहे, म्हणून त्याची भीषणता सांगितली पाहिजे. क्षयाचे जंतु कातडींत ठाण मांडून नाक, गाल, ओठ वर्षानुवर्षें कुरतडीत. यूरोपीय वैद्यांनीं या रोगाला लांडग्याचें नांव दिलें होतें. रोगी लवकर मरत नसे. मात्र त्याला तोंड लपवून जगावें लागे. फिन्सेननें कोळशाच्या कांड्यांमध्यें विजेची प्रखर ज्योत पेटवून तिचा प्रकाश स्फटिकाच्या भिंगांतून एकत्र केला, मध्यें पाणी खेळवून त्यांतील उष्णता काढून टाकली, आणि तो थंड, निळसर झोत रोग्याच्या चेहऱ्यावर पाडला. परिचारिका एक स्फटिक त्या जागीं दाबून धरी, कारण रक्त बाजूस सारल्याखेरीज प्रकाश आंत जात नाहीं. रोज तास-दीड तास, असे महिने आणि कधीं कधीं वर्षें. चेहरे भरून येऊं लागले. १८९६ सालीं त्याच्या नांवाची संस्था निघाली. डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा इंग्लंडच्या राजघराण्यांत दिलेली होती, तिनें १९०० सालीं लंडन हॉस्पिटलाला फिन्सेनचा दिवा मिळवून दिला. १९०३ सालीं नोबेल पारितोषिक आलें. आणि १९०४ सालीं वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं फिन्सेन वारला. दुसऱ्यांचीं तोंडें उजळणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचें दुखणें मात्र कोणत्याहि प्रकाशानें हटवितां आलें नाहीं.

गुण आला तो कां आला? फिन्सेनचें उत्तर डाउन्स-ब्लंटांचेंच होतें: अतिनील किरणांनीं जंतु मेले. पुढें २००५ सालीं डेन्मार्कच्याच संशोधकांनीं संग्रहालयांतील त्याचीं जुनीं भिंगें व गाळण्या तपासल्या, तेव्हां त्यांतून ३४० नॅनोमीटरांखालचे किरण पार जाणेंच शक्य नव्हतें असें आढळलें! क्षयजंतूंच्या अंगांत एक रंगद्रव्य असतें, तें लांब लहरी शोषून प्राणवायूचें एक दाहक रूप निर्माण करतें, आणि त्यांतच जंतु मरत असावेत असा निर्वाळा त्यांनीं दिला. म्हणजे ज्या किरणांच्या नांवानें सर्व यूरोपभर दिवे पेटले ते किरण मूळ दिव्यांतून बहुधा बाहेरच पडत नव्हते. फळ खरें आणि कारण खोटें, अशी उदाहरणें वैद्यकाच्या इतिहासांत थोडीं नाहींत. परंतु इतकें ठसठशीत उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

फिन्सेनचा प्रकाश जंतूंवर पडत होता. तो सबंध माणसावर पाडला तर? स्वित्झर्लंडमध्यें ओग्युस्त रोलिये या शस्त्रवैद्यानें १९०३ सालीं लेझां या पहाडी गांवीं क्षयरोग्यांसाठीं रुग्णालय उघडलें. हाडांचा आणि सांध्यांचा क्षय झालेल्या मुलांना तो उघड्या सज्ज्यांवर ठेवी. पहिल्या दिवशीं फक्त पावलांवर पांच मिनिटें ऊन, मग गुडघ्यांपर्यंत, मग मांड्यांपर्यंत, असें करीत कांहीं आठवड्यांत सर्वांग. मुलें तांबूस-तपकिरी होत, आणि ज्याची कातडी चांगली रापली तो लवकर बरा होणार असें रोलिये मानी. लंगोट्या लावून बर्फांत धडे गिरविणाऱ्या त्या मुलांचीं छायाचित्रें जगभर गेलीं. १९१९ सालीं बर्लिन येथें कुर्ट हुल्डशिन्स्की यानें पाऱ्याच्या दिव्यानें मुडदुसाचीं मुलें बरीं करून दाखविलीं, आणि उन्हाची कीर्ति कळसास पोंचली. मुडदुसाचें कारण पुढें ‘ड’ जीवनसत्त्वाच्या रूपानें निश्चित सांपडलें. पण लोकांनीं त्याचा अर्थ असा केला कीं, ऊन सर्वच रोगांवर ढालीसारखें आहे. घरोघरीं कृत्रिम सूर्याचे दिवे विकले जाऊं लागले.

या मताचा शेवट कसा झाला तें पाहण्यासारखें आहे. त्याचें कोणीहि खंडन केलें नाहीं. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, क्षयाला गोळ्या व सुया मिळाल्या, सज्जे ओस पडले आणि मत तसेंच पडून राहिलें. हॅम्बुर्गच्या पाउल उन्ना यानें १८९४ सालींच खलाशांच्या रापलेल्या कातडीवर कर्करोग उठतात हें नोंदविलें होतें. १९२८ सालीं इंग्लंडांत फिंडले यानें अतिनील दिव्याखालीं ठेविलेल्या उंदरांच्या अंगावर कर्करोगाच्या गांठी उठवून दाखविल्या होत्या. परंतु तो कातडी करपण्याचा परिणाम, रोगप्रतिकाराशीं त्याचा काय संबंध, असेंच सर्वांना वाटे. रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी रक्तांत, प्लीहेंत आणि हाडांच्या मगजांत; ऊन कातडीवर. दोघांची गांठ पडणार तरी कोठें?

ती गांठ जेथें पडते ती जागा एका विद्यार्थ्यानें १८६८ सालींच पाहिली होती. मात्र काय पाहिलें हें त्याला कळलें नव्हतें. बर्लिनचा पाउल लांगरहान्स तेव्हां एकवीस वर्षांचा होता. त्यानें माणसाच्या कातडीच्या चकत्या सोन्याच्या क्षारांत बुडविल्या, तेव्हां वरच्या थरांत फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी उमटल्या. फांद्या पाहून त्यानें त्यांना मज्जापेशी ठरविलें. दुसऱ्याच वर्षीं त्यानें स्वादुपिंडांतील तीं बेटें वर्णिलीं ज्यांच्यामुळें मधुमेहाच्या प्रत्येक पुस्तकांत त्याचें नांव आहे. पुढें त्यालाहि क्षयानें गांठलें, तो मादेइरा बेटावर जाऊन राहिला, आणि चाळिशींतच १८८८ सालीं वारला. त्याच्या त्या फांद्यांच्या पेशी जवळजवळ शंभर वर्षें पुस्तकांत निरुद्योगी बसून होत्या.

त्यांचा उद्योग कळला तो १९७३ नंतर. त्या वर्षीं न्यूयॉर्क येथें राल्फ स्टाइनमन व झान्व्हिल कोन यांनीं उंदराच्या प्लीहेंत फांद्यांच्या पेशींची एक नवी जात शोधिली, आणि कातडींतल्या लांगरहान्सच्या पेशी याच कुळींतल्या असें हळूहळू ठरलें. मराठेशाहीच्या कागदपत्रांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना त्यांचें काम एका शब्दांत सांगतां येईल: त्या देहाचे जासूद आहेत. कातडीच्या पेशींत त्यांचें प्रमाण शेंकडा दोनचारच; पण फांद्या पसरून त्या सगळ्या तटावर नजर ठेवितात. परकें द्रव्य आढळलें कीं त्याचा तुकडा उचलून त्या जागा सोडतात आणि लसीकाग्रंथींत जातात. पायाला जखम झाल्यावर जांघेंत जें अवधाण येतें, तें या ग्रंथींत उडालेल्या धांदलीचेंच चिन्ह. तेथें टी-पेशी नांवाच्या शिपायांना तो तुकडा दाखविला जातो. ज्या शिपायाला तो ओळखतां येतो त्याची पलटण वाढते आणि शत्रूच्या शोधास निघते. जासूद निजला तर शिपाई कितीहि शूर असोत, त्यांना वर्दीच पोंचत नाहीं. (स्टाइनमनला २०११ सालीं नोबेल जाहीर झालें, आणि तो तीनच दिवसांपूर्वीं वारला होता असें मागाहून कळलें, पारितोषिक तरी कायम ठेवण्यांत आलें.)

आतां त्या उंदरांकडे वळूं. मार्गारेट क्रिप्के ही प्रतिकारशास्त्र शिकून बाहेर पडलेली संशोधिका उंदरांच्या अंगावर अतिनील किरणांनीं गांठी उठवून त्यांचा अभ्यास करीत होती. प्रयोगशाळेंतले हे उंदीर पिढ्यानुपिढ्या भावंडांत जुळवून वाढविलेले, म्हणून जुळ्यांसारखे एकरूप. एकाची कातडी दुसऱ्यास लावली तरी ती परकी वाटत नाहीं. साहजिकच एकाची गांठ काढून दुसऱ्याच्या अंगांत रोंवली तर ती तेथें वाढावयास हवी. क्रिप्केच्या गांठी वाढल्या नाहींत. बहुतेक निरोगी उंदरांनीं त्या परक्या म्हणून ओळखल्या आणि हुसकावून लावल्या. ज्यांची प्रतिकारशक्ति मुद्दाम मारून टाकली होती त्यांच्यांतच त्या वाढल्या. हें निरीक्षण १९७४ सालीं प्रसिद्ध झालें.

एखाद्यानें ‘गांठी दुबळ्या होत्या’ असें म्हणून पुढचें पान उलटलें असतें. क्रिप्केला मात्र यांत एक कोडें दिसलें, आणि आमच्या मतें सबंध कथेंतील खरा पराक्रम हाच आहे. जी गांठ कोणताहि धडधाकट उंदीर सहज हुसकावून लावतो, ती मूळ उंदराच्या पाठीवर वाढलीच कशी? त्याचें शरीर तिला परकी म्हणून कां ओळखीत नव्हतें? उत्तर एकच संभवत होतें: ज्या किरणांनीं गांठ उठविली त्याच किरणांनीं त्या उंदराचे पहारेकरीहि गप्प केले असले पाहिजेत. हें पडताळण्यासाठीं तिनें व फिशर यांनीं कांहीं उंदरांना थोडेच आठवडे दिव्याखालीं ठेविलें; इतके थोडे कीं त्यांच्या स्वतःच्या अंगावर गांठ उठूं नये. मग दुसऱ्याची गांठ त्यांच्या देहांत, जेथें किरण पडलेलेच नव्हते अशा जागीं, रोंवली. गांठ जोमानें वाढली. किरण पडले पाठीवर, आणि मौन पसरलें सर्व देहांत.

पण पूर्ण मौन नव्हे; आणि ही गोष्ट फार महत्त्वाची. हेच उंदीर भिन्न जातीच्या उंदराची कातडी नेहमीसारखीच झिडकारीत. म्हणजे सैन्य नि:शस्त्र झालेलें नव्हतें. त्याला एका ठराविक शत्रूकडे काणाडोळा करण्याचा हुकूम मिळाला होता. याहूनहि चमत्कारिक गोष्ट पुढें निघाली. किरण खाल्लेल्या उंदराच्या लसीकाग्रंथींतील व प्लीहेंतील पेशी काढून निरोगी उंदरास टोंचल्या, तर तो निरोगी उंदीरहि त्या गांठीपुढें गप्प बसे. नुसती शक्ति गेली असती तर ती अशी टोंचून देतां आली नसती. तेथें कोणी तरी गप्प बसविणारें होतें. यूटा येथें डेन्स व त्याचे सहकारी यांनींहि याच सुमारास स्वतंत्रपणें हेंच दाखविलें.

अशा ‘दाबून धरणाऱ्या’ टी-पेशींची कल्पना त्या दशकांत फार बोकाळली. पुढें त्यांच्या अस्तित्वाचा पाया ज्या जनुकावर रचला होता तो सांपडेना, आणि १९८० नंतर कांहीं वर्षें या पेशींचें नांव काढणेंहि विद्वानांच्या सभेंत अप्रतिष्ठेचें झालें. क्रिप्केचे प्रयोग खोटे ठरले नव्हते. पण त्यांचा उलगडा करणारा शब्दच बाजारांतून उठला होता. १९९५ सालीं जपानच्या शिमोन साकागुची यानें अशा पेशी निश्चित खुणेनिशीं ओळखून दिल्या. आतां त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात, आणि २०२५ चें वैद्यकाचें नोबेल त्याला व मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल या दोघांना याच विषयासाठीं मिळालें. अतिनील किरणांनीं निर्माण होणाऱ्या दाबणाऱ्या पेशी याच वर्गांतल्या असें पुढील प्रयोगांत दिसून आलें आहे. शास्त्रांतहि शब्द निर्वासित होतात आणि नांव बदलून परत येतात.

जासुदांचें काय होतें हें १९८० सालीं डॅलस येथें टोज, बर्गस्ट्रेसर आणि स्ट्राइलाइन यांनीं दाखविलें. त्यांचा प्रयोग आपल्याकडील वाचकांस बिब्ब्याच्या उदाहरणानें चटकन समजेल. बिब्बा उततो तो केवळ त्याच्या दाहकपणामुळें नव्हे. एकदां देहानें त्याची ओळख करून घेतली म्हणजे पुढें थोडक्या स्पर्शानेंहि कातडी सुजून उठते, आणि ती ओळख करून देणारे हेच जासूद. डॅलसच्या मंडळींनीं असेंच एक तीव्र रसायन उंदरांच्या कातडीवर लाविलें. साध्या कातडीवर लाविलें तर पुढल्या खेपेस कान सुजे. आधीं अतिनील किरण देऊन तेथील लांगरहान्सच्या पेशी विरळ केल्या, तर सूज येत नसे. इतकेंच नव्हे, तर तेंच रसायन मागाहून चांगल्या कातडीवर लाविलें तरी तो उंदीर तें सोसून घेई. जासूद नसतां आलेली वार्ता दरबारानें कायमची खोटी धरली, असा कांहींसा तो प्रकार.

मग प्रश्न उरला कीं, किरण कातडींत नेमके कशावर आदळतात. एडवर्ड डी फाबो व फ्रान्सिस नूनन यांनीं १९८३ सालीं असें दाखविलें कीं, कातडीचा अगदीं वरचा मृत पापुद्रा चिकटपट्टीनें ओढून काढला तर किरणांचा हा परिणाम होत नाहीं. त्या पापुद्र्यांत एक आम्ल असतें. तें मॅक्स याफे यानें १८७४ सालीं प्रथम कुत्र्याच्या मूत्रांत शोधिलें, म्हणून त्याचें नांवहि त्यावरूनच यूरोकॅनिक पडलें. किरण शोषतांच त्याच्या रेणूची घडी उलटते, आणि हें उलटलेलें रूप पहारेकऱ्यांना निजविण्याचें काम करतें. मनुष्यदेहाच्या तटावरील सर्वांत बाहेरची चौकी अशा द्रव्याची असावी ज्याला नांव मिळालें श्वानमूत्रावरून, हा शास्त्राचा विनोद आमच्या एका रसायनाच्या सहाध्यापकांना फार आवडतो.

दुसरें लक्ष्य म्हणजे पेशींच्या गाभ्यांतील डीएनए. त्याचा पुरावा मिळाला तो दक्षिण अमेरिकेंतील ओपोसम नांवाच्या उंदराएवढ्या प्राण्याकडून. अतिनील किरणांनीं डीएनएच्या साखळींतील शेजारचे दोन दुवे एकमेकांस चिकटतात. ओपोसमच्या अंगांत ते सोडविणारें एक विकर आहे, आणि तें दृश्य प्रकाश पडल्यावरच काम करतें. उंदराला व माणसाला तें नाहीं. १९८९ सालीं ॲपलगेट, ले, अल्काले आणि क्रिप्के यांनीं या प्राण्यांना आधीं अतिनील किरण दिले आणि लगेच साध्या प्रकाशांत ठेविलें. त्यांची प्रतिकारशक्ति शाबूत राहिली. हेच साधा प्रकाश आधीं दिला तर उपयोग होत नसे. १९९२ सालीं अशाच दुरुस्तीचें दुसरें एक विकर स्निग्धाच्या सूक्ष्म पुड्यांत भरून उंदरांच्या कातडीस चोळलें, तेव्हां त्यांचेंहि मौन टळलें. म्हणजे डीएनएचा घाव हीच एक हांक आहे. ती ऐकून कातडीच्या पेशी जे रासायनिक निरोप सोडतात त्यांनीं पहारेकरी निजतात.

हें सर्व वाचून ऊन म्हणजे केवळ शत्रु अशी समजूत होण्याचा संभव आहे, आणि एका आंधळेपणांतून दुसऱ्यांत जाणें हें काहीं ज्ञान नव्हे. ज्या १९७४ सालीं क्रिप्केचा लेख निघाला, त्याच सालीं बोस्टन येथें पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टानेनबाउम आणि पाठक यांनीं सोरायसिसवरील नव्या उपचाराचा लेख प्रसिद्ध केला. या उपचाराचें मूळ आपल्या परिचयाचें आहे. पांढऱ्या कोडावर बावचीचें बी देऊन उन्हांत बसविणें ही आपल्या वैद्यांची जुनी रीत. १९३३ सालीं जॉइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या आपल्याकडील रसायनशास्त्रज्ञांनीं त्या बियांतून सोरॅलेन हें द्रव्य वेगळें केलें. त्याच कुळींतील एक औषध पोटांत देऊन मग लांब लहरींचे अतिनील किरण अंगावर घ्यावयाचे, असा बोस्टनचा उपचार. सोरायसिसमध्यें टी-पेशी स्वतःच्याच कातडीवर चालून जातात. किरणांनीं त्या शमतात. १९८७ सालीं एडेलसन व त्याच्या सहकाऱ्यांनीं रोग्याच्या पांढऱ्या पेशी देहाबाहेर काढून, याच औषधासह किरण देऊन पुन्हां देहांत सोडल्या. टी-पेशींच्या कर्करोगाच्या ३७ रोग्यांपैकीं २७ जणांस त्यानें उतार पडला. रोग्याला बरें वाटतें तें येथें सैन्य बळावल्यानें नव्हे, बंडखोर सैन्य शांत झाल्यानें. अर्थात् या उपचाराची किंमतहि द्यावी लागते: दीर्घकाळ तो घेतलेल्यांत कातडीचे कर्करोग अधिक आढळले.

माणसांच्या बाबतींत पुरावा अनेक वाटांनीं आला. दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलेल्या रोग्यांना प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें जन्मभर घ्यावीं लागतात. त्यांच्या उघड्या अंगावर कातडीचे कर्करोग इतरांच्या कित्येक पटींनीं उठतात. आपण सांवळे, आपणांस याची भीति नाहीं, असें मानणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. गडद वर्णाच्या लोकांवर १९९१ सालीं झालेल्या प्रयोगांत त्यांच्याहि कातडींतील प्रतिक्रिया अतिनील किरणांनीं दबली असें दिसलें. काळा रंग डीएनएचें रक्षण पुष्कळ करतो, आणि म्हणूनच आपल्यांत कातडीचे कर्करोग गोऱ्या लोकांहून पुष्कळ कमी. पण जासुदांची झोंप तो सर्वस्वीं टाळीत नाहीं.

आणि आपली आजी? तिची बाजूहि निकालांत निघालेली नाहीं. २००६ सालीं लॉस एंजेलिसच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, क्षयजंतु गिळणाऱ्या पेशींना ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसें मिळालें तरच त्या जंतूंना मारणारें एक प्रथिन तयार करूं शकतात. आणि तें जीवनसत्त्व कातडींत घडतें तें याच मधल्या लहरींनीं. देहाचे रक्षक दोन प्रकारचे. शत्रूची ओळख पटवून घेऊन लढणारे टी-पेशींसारखे शिक्षित शिपाई एक, आणि ओळखीपाळखीवांचून दिसेल त्या जंतूवर तुटून पडणारे जन्मजात रखवालदार दुसरे. अतिनील किरण पहिल्यांना मंद करतात आणि दुसऱ्यांच्या हातीं शस्त्र देतात. रोलियेच्या सज्ज्यांवरील मुलें बरीं होत होतीं त्यांत या दुसऱ्या रखवालदारांचा वांटा असणें अगदीं संभवनीय आहे, मग रोलियेला त्यांची वार्ता नसो.

पहिल्यांना मंद करण्यांत तरी देहाचा काय हेतु असावा? उन्हानें रोज असंख्य पेशी जखमी होतात, त्यांच्या आंतील द्रव्यें विकृत होतात. प्रत्येक विकृतीला परकी समजून सैन्य धांवूं लागलें तर माणसाला अंगणांत पाय टाकतां येणार नाहीं. ही केवळ कल्पना नव्हे. समशीतोष्ण देशांत वसंतांतलें पहिलें ऊन लागतांच ज्यांच्या अंगावर खाजरे फोड उठतात असे लोक पुष्कळ आहेत. १९९९ सालीं नेदरलंड्समध्यें अशा रोग्यांच्या कातडींत किरणांनंतरहि लांगरहान्सच्या पेशी जागच्या जागीं आढळल्या, आणि २००४ सालच्या इंग्लंडांतील प्रयोगांत त्यांची प्रतिक्रिया निरोगी माणसांपेक्षां कमी दबली. त्यांचे पहारेकरी निजतच नाहींत, आणि तोच त्यांचा रोग. उत्तर यूरोपांतील रुग्णालयांत उन्हाळा लागण्यापूर्वीं अशा लोकांना बोलावून कांहीं आठवडे मोजून मापून अतिनील किरण देतात: पहिल्या दिवशीं अगदीं थोडे, पुढच्या खेपेस त्याहून किंचित् अधिक, लेझांच्या सज्ज्यावर रोलिये देई तसेच, मात्र आतां तो क्रम पहारेकऱ्यांना वेळेवर निजण्याची संवय लागावी म्हणून असतो.